माझ्या नावावरचं परीक्षण

अमरावतीच्या एका छोट्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी अकरा वर्षं सिनेमाची परीक्षणं लिहिली. पोटापाण्याची नोकरी कॉलेजात मराठी शिकवण्याची. शुक्रवारी दुपारी तास संपले की सिनेमा पाहायचा आणि शनिवारी सकाळी सहाशे शब्द लिहून संपादकांकडे पाठवायचे. लेखाच्या शेवटी एक चौकट असे आणि तिच्यात दोन रकाने, 'जमेच्या बाजू' आणि 'उणिवा'. पुष्कळ लोक तेवढी चौकटच वाचतात, आणि त्यातही उणिवाच आधी वाचतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून उणिवांचा रकाना मी घोटून घोटून लिहायचो. शेवटचं वाक्य असं बसलं पाहिजे, की सोमवारी स्टाफरूममध्ये कुणीतरी ते म्हणून दाखवावं.

माझा मोठा भाऊ अकोल्याला असतो. आमचं गाव बाळापूर तालुक्यातलं, काळ्या मातीचं शेत, कापूस आणि तूर. त्या सगळ्या शेतीत दादाला प्रेम होतं ते फक्त विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं. दहावी झाल्यावर त्यानं स्वतःहून आयटीआय धरली, मोटर मेकॅनिक झाला, काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि मग अकोल्यात गावाकडच्या रस्त्यालाच स्वतःचं गॅरेज टाकलं. मागं घर, पुढं गॅरेज. लोक गाडी आणून उभी करत तेव्हा तो आधी बोनेट उघडत नसे. चालू ठेवायला सांगायचा, मान जरा तिरपी करायचा आणि ऐकायचा. मग म्हणायचा, "हं. समजलं." मी बी.ए.ला असताना त्याच्याकडे सुट्टीत राहायचो आणि मला ते नाटक वाटायचं. नाटक नव्हतं ते, पण हे कळायला मला फार वेळ लागला.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता माझ्या जुन्या गाडीचा क्लच घसरायला लागला. बडनेऱ्याचा पूल चढेना. शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती म्हणून सकाळीच निघालो आणि मूर्तिजापूरमार्गे रडतखडत अकोला गाठलं. दादानं गाडी खालून पाहायच्या खड्ड्यावर घेतली, थोड्या वेळानं वर आला आणि म्हणाला, "प्लेट गेली. उद्या दुपारपर्यंत देतो."

माझी अडचण वेगळीच होती. त्याच दिवशी कार रेसिंगवरचा एक मोठा सिनेमा लागला होता आणि दुसऱ्या दिवशी परीक्षण द्यायचं होतं. म्हटलं, "दादा, दुपारचा शो इथंच पाहतो. तूही चल."

"मी काय करू तिथं?"

"गाड्यांचा सिनेमा आहे."

"गाड्या तं मी रोजच पाह्यतो."

वहिनी आतून म्हणाल्या, "जा ना. भाऊजी एवढं म्हनून राहिले तं."

तो गेला, आंघोळ करून आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. नखांतलं काळं मात्र साबणानं कधीच जात नसे. मॉलच्या काचेच्या दारातून आत शिरताना त्यानं दोन्ही हात खिशात घातले. मी ते पाहिलं.

सिनेमाची गोष्ट सांगण्यासारखी फार नव्हती. एकेकाळचा नामांकित रेसर, अपघातानंतर स्टेअरिंगला हात न लावणारा. त्याच्याकडे शिकायला आलेला एक तापट तरुण. आणि दोघांच्या गाड्या ज्याच्या हातून गेल्या तो म्हातारा मेकॅनिक. भांडण, रुसवा, शेवटी भर पावसात मोठी शर्यत आणि विजय.

पहिली शर्यत सुरू झाली आणि दादा खुर्चीत पुढं सरकला. "अरे, वळनात कुठं ब्रेक मारून राहिला हा!" तो आवाज गॅरेजातला होता, पाच माणसांना इंजिनाच्या वर ऐकू जाणारा. पुढच्या रांगेतलं एक जोडपं वळलं. जरा वेळानं पुन्हा, "सहावा टाकला. आता सातवा. आता आठवा! गिअरबॉक्स हाये का जिना?" दोघंतिघं हसले. ते त्याच्या बोलण्यातल्या गमतीला हसले होते, आज मला खात्री आहे. तेव्हा वाटलं, त्याला हसतायत, म्हणजे आम्हाला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणालो, "दादा, हळू. लोक पाहतात."

"हो का," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. फक्त त्याचा उजवा पाय अंधारात खालच्या गालिच्यावर दाबला जायचा आणि सुटायचा.

शेवटची शर्यत संपली. पडद्यावर फटाके, नाच, तरुणाला खांद्यावर उचललेलं. आणि मग दिग्दर्शकानं कॅमेरा मागं, रिकाम्या गॅरेजात नेला. म्हातारा मेकॅनिक एकटाच उभा. तो एकेक पाना उचलतो, फडक्यानं पुसतो, भिंतीवरच्या त्याच्या जागी अडकवतो. संवाद नाही, संगीत नाही. बाहेरचा जल्लोष दुरून ऐकू येतो, तेवढाच. मी घड्याळ पाहिलं. शेजारी दादानं खिशातून रुमाल काढला आणि आधी डोळे, मग उगाचच सगळं तोंड पुसलं.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलत होतं. समोरच्या टपरीवर चहा आणि कचोरी घेतली आणि मी सहज विचारलं, "कसा वाटला?"

तीन तास दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. त्यानं ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर रस्त्याचं वळण काढलं. "हे पाय. ब्रेक मारायचा इथं, वळनाच्या आधी. वळनात गाडी मोकळी सोडायची. वळन सुटलं का मंग एक्सलेटर दाबायचा. यानं सगळं उलटं केलं. खरंच असं केलं तं मांगचं चाक सुटते, अन् गाडी भोवऱ्यासारखी फिरते. अन् आखरीच्या चकरेत दात-ओठ खाऊन पाय दाबला म्हने, अन् गाडी पुढं गेली! मंग आतापर्यंत काय अर्धाच दाबून राहिला होता? शर्यतीत आला होता का वरातीत?"

मी इतका हसलो की चहा सांडला. मग वही काढली. तो थबकला. "लिहून घेऊन राहिला काय?"

"हो. सांग तू."

"माह्यं?" त्याला बरं वाटलं होतं. लपवत होता, पण मला दिसत होतं. तो आता सावकाश सांगायला लागला. अपघातात चेसिस, म्हणजे खालचा सांगाडाच, वाकलेली गाडी एका रात्रीत नीट केल्याचं दाखवलं, ते खोटं. अशी गाडी पुन्हा सरळ धावत नाही, एका अंगाला ओढत राहते. पण चांगल्या गोष्टी त्यानं जास्त सांगितल्या. तो म्हातारा नट गाडीत बसण्याआधी दर वेळी हात पुसतो. "हे त्याले कोन्या खऱ्या मेकॅनिकनं शिकवलं असन. आपन गिऱ्हाइकाच्या स्टेअरिंगले काया हात नाई लावत." आणि गाडी पूर्ण वेगात असताना सिनेमातला आवाज एकदम बंद केला होता. लोकांना वाटलं असेल स्पीकर बिघडला. दादा म्हणाला, "थे एकदम बरोबर हाये. गाडी फुल्ल असली का आवाज आपल्याले येनंच बंद होते. फक्त हाताले समजते."

"तुला कसं माहीत?"

तो हसला. "नवीन रोड झाला तवा एका डॉक्टरची गाडी टेस्टले नेली होती बाळापूरपर्यंत. तुह्या वहिनीले सांगू नको."

मग मी विचारलं, "शेवटी रडलास ना?"

त्यानं टेबलावरचं पाण्याचं वळण तळव्यानं पुसून टाकलं. "थो पाने पुसते ना... तिकडं सगळे नाचून राहिले, अन् हा एकएक पाना पुसून जाग्यावर ठेवते. थे खरं हाये, लहान्या. गाडी गेली का मांगं असंच असते. मी कोनाले सांगत नाई." एवढं बोलून तो चहाचे ग्लास परत द्यायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या ओट्याशेजारच्या टेबलाशी बसून मी परीक्षण लिहिलं. पुढं गॅरेजात दादा माझ्याच गाडीखाली होता. हातोडीचे, लोखंडावर लोखंड घासल्याचे आवाज येत होते. पहिलं वाक्य लिहिलं, 'माझ्या मोठ्या भावाचं अकोल्यात गॅरेज आहे आणि हा सिनेमा मी त्याच्यासोबत पाहिला.' पुढचं सगळं भराभर उतरलं. वळणातला ब्रेक, गिअरचा जिना, शर्यत आणि वरात, पुसलेले हात, बंद पडलेला आवाज. इतकं जिवंत परीक्षण मी कधी लिहिलं नव्हतं. शब्द मोजले तर शंभर जास्त भरले. काय काढायचं म्हणून पाहिलं आणि पहिलं वाक्य काढलं. ते काढल्यावर 'दादा म्हणाला', 'त्याच्या मते' हे सगळं आपोआपच काढावं लागलं. शब्दसंख्येचं कारण खोटं नव्हतं. पण ते वाक्य वाचताना मला आपण लहान दिसतोय असं वाटलं होतं, हेही तितकंच खरं. समीक्षकानं भावाला विचारून लिहावं?

चौकट उरली होती. उणिवांच्या रकान्याला शेवटचं टोकदार वाक्य सापडत नव्हतं. वहिनींनी पोह्यांची बशी पुढं सरकवली आणि मी लिहिलं, 'पाने पुसणाऱ्या म्हाताऱ्याचा पाच मिनिटांचा रटाळ प्रसंग म्हणजे रडवण्याची स्वस्त युक्ती. त्यावर डोळे ओले होतील ते फक्त भाबड्यांचे.' वाचून पाहिलं. चांगलं बसलं होतं. पाठवून दिलं.

रविवारी सकाळपासून फोन सुरू झाले. संपादक म्हणाले, या पुरवणीत आजवर असं परीक्षण आलं नाही. प्राचार्यांनी सोमवारी बोलावून विचारलं, "तुम्हाला गाड्यांतलं एवढं कसं कळतं हो?" मी म्हणालो, "थोडा अभ्यास केला." हे वाक्य इतक्या सहज तोंडून गेलं की नंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगत राहिलो.

दादाचा फोन आला नाही. सोमवारी संध्याकाळी मीच केला. "वाचलंस?"

"वाचलं ना. दोनदा वाचलं."

"कसं वाटलं?"

"बरं लिह्यलं." मग म्हणाला, "भाबड्याचं लिह्यलं, थे बी बरं लिह्यलं." आणि लगेच, "क्लच कसा चालून राहिला? जड तं नाई ना लागत?"

मी क्लचबद्दल बोललो. तेवढं सोपं होतं.

चारेक महिन्यांनी आमच्याच शहरातल्या एका कॉलेजच्या चित्रपट मंडळानं 'सिनेमा कसा पाहावा' यावर बोलायला बोलावलं. परीक्षणाची फोटोप्रत त्यांनी फळ्यावर लावली होती. त्याच दिवशी दादा आणि वहिनी अंबादेवीच्या दर्शनाला अमरावतीत आले होते. माझ्या बायकोनं त्यांना परस्पर कार्यक्रमाला आणलं. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा शेवटच्या रांगेत तिघं दिसली. दादाचे हात मांडीवर, एकात एक अडकवलेले.

भाषण चांगलं झालं. मग एका मुलीनं हात वर केला. "सर, तुम्ही लिहिलंय, वळणात ब्रेक मारला तर मागचं चाक सुटतं. मागचंच का? पुढचं का नाही?"

मला ठाऊक नव्हतं. टपरीवर मी ते विचारलंच नव्हतं. मी वेगाबद्दल काहीतरी बोललो. मुलगी म्हणाली, "पण सर, वेग तर चारही चाकांना सारखाच ना?" मुलं हसली. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. दादा ताठ बसला होता, मान जरा तिरपी. उत्तर त्याच्या ओठांवर होतं आणि तो माझ्याकडे पाहत होता. विचारत होता, सांगू का? मला एवढंच म्हणायचं होतं की याचं उत्तर देणारा माणूस इथं बसलाय, आणि या परीक्षणातलं निम्मं त्याचंच आहे. ते म्हणायला फार तर पाच सेकंद लागले असते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "पुढचा प्रश्न?"

सत्कार, चहा उरकून बाहेर आलो तर दुचाक्या लावायच्या जागी दादा त्या मुलीशी बोलत होता. तिला स्कूटीचा पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगून त्यानं मागून हलकेच धक्का दिला. गाडी पुढच्या बाजूला वाकली. "पाह्यलं? ब्रेक दाबला का सगळं वजन पुढं जाते. मांगचं चाक हलकं होते. हलकं चाक जमीन धरत नाई. सरळ रोडवर चालून जाते, पन वळनात थे बाहेर पयते."

"अय्या, किती सोपं आहे!" मुलगी म्हणाली. "काका, तुम्ही कोण?"

"मी अकोल्याचा. गॅरेज हाये माह्यं."

"मग सरांचं परीक्षण वाचलंत का तुम्ही? अगदी बरोबर लिहिलंय ना?"

"वाचलं ना," दादा म्हणाला. "बरोबर लिह्यलं त्यायनं."

त्यायनं. माझ्या भावानं माझा उल्लेख आदरार्थी केला, परक्यासारखा. मी चार पावलांवर खांबाआड उभा होतो. तेव्हाही पुढं जाता आलं असतं. मुलगी स्कूटी काढून निघून जाईपर्यंत मी तिथंच थांबलो.

घरी जेवताना बायकोनं सरळ विचारलं, "तुम्ही दादांना उत्तर द्यायला का नाही बोलावलं?" मी म्हणालो, "वेळ संपत आला होता." दादा भाकरी मोडत म्हणाला, "वेळ नव्हता, बरोबर हाये." वहिनींनी ताटातून मान वर केली नाही.

दिवाळीनंतर मी एसटीनं एकटाच अकोल्याला गेलो. दादा एका गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. पायांशी बोलणं मला जमलं. पहिलं वाक्य कसं काढलं, प्राचार्यांना काय सांगितलं, खांबाआड कसा उभा होतो, सगळं सांगून टाकलं. मग हात बाहेर आला. "चौदा-पंधराचा पाना दे." मी दिलेला पाना चुकीचा होता. तो सरपटत बाहेर आला, स्वतः बरोबर पाना घेतला आणि जमिनीवरच बसला.

"नाव नाई लिह्यलं, त्याचं मले काई नाई," तो म्हणाला. "माह्यं नाव पेपरात येऊन काय होनार होतं? पन थे पाने पुसायचं तू कावून लिह्यलं? थे तं मी तुले सांगलं होतं. कोनालेच सांगत नाई म्हनलं होतं ना मी?"

रकान्याला शेवटचं वाक्य हवं होतं, हे खरं उत्तर होतं. ते मला त्याच्यासमोर उच्चारता आलं नाही. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी सगळं खुलासेवार लिहितो."

"राहू दे. आता कोन वाचते थे." तो पुन्हा गाडीखाली गेला.

तरी मी लिहिणार होतो. पुढच्या रविवारी नवा सिनेमा होता, त्याच्या पुढच्या रविवारी वर्धापनदिनाचा विशेषांक. मग वाटलं, परीक्षणात खुलासा शोभत नाही, स्वतंत्र लेखच करू. तो लेख मनात चांगला तयार होत होता. एक दिवस पुरवणीची पानं कमी झाली आणि सिनेमाचं सदर बंद झालं. लेख राहिला.

गेल्या वर्षी तो सिनेमा टीव्हीवर लागला होता. एकटाच होतो, पूर्ण पाहिला. दादानं काढलेल्या चुका सगळ्या तिथंच होत्या. शिवाय पाऊस नळाचा वाटतो, तापट तरुण फार ओरडतो, आणि प्रेमकथा नसती तरी चाललं असतं. तो शेवटचा प्रसंग आला तेव्हा मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं लिहिलं होतं मी. दोन मिनिटंही भरत नाहीत. कॅमेरा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकदाही जात नाही, फक्त हात दाखवतो. रडवायचं असतं तर चेहरा दाखवला असता. त्या सिनेमाची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच होती, आणि अकरा वर्षांत लिहिलेल्या शेकडो चौकटींमधली ही एक चूक मला कुठंच दुरुस्त करता येत नाही.

दादाशी भांडण असं काही नाही. फोन होतात, गावच्या शेतातल्या तुरीचं, पऱ्हाटीचं, वहिनींच्या बीपीचं बोलणं होतं. लग्नाकार्यात आम्ही शेजारी बसतो. गाड्यांविषयी मात्र तो माझ्याशी लांबवून बोलत नाही. परवा माझी गाडी सकाळी सुरू होताना खडखडायला लागली म्हणून त्याला फोन केला. म्हटलं, "बोनेटजवळ फोन धरू का? आवाज ऐकशील?"

"फोनवर काय समजते बापा," तो म्हणाला. "तिकडंच दाखव कोनाले तरी. अमरावतीत बी चांगले मेकॅनिक हायेत."

मी दाखवली. त्या माणसानं टायमिंगची साखळी बदलली. खडखड थांबली आहे.